एक हात भरला होता

आक्काने खिडकीतून रुमाल आत टाकला, तो एका म्हातारीच्या डोक्यावर पडला. म्हातारीने तो काढला, झटकला, शेजारी नीट पसरला आणि म्हणाली, "ये गं बाई, धरली तुझी जागा." फलाटावरची माणसं हसली. आक्काही हसली, पण नेहमीप्रमाणे तोंडावर हात धरून. मी हसले नाही. माझं सगळं लक्ष म्हातारीच्या जागेवर होतं, कारण खिडकी तिच्याकडे होती.

आत चढल्यावर आक्काने म्हातारीची मनधरणी केली. पोरीला एस.टी. लागते, आजी, वळणावळणाचा रस्ता आहे, तिला जरा वाऱ्याला बसू द्या. म्हातारी कुरकुरत सरकली आणि मी ऐटीत खिडकीशी जाऊन बसले. आता सांगायला हरकत नाही, मला एस.टी. कधीच लागली नाही. सहा-सात वर्षांची असताना एकदा मी तसं म्हटलं, लगेच खिडकी मिळाली, आणि तेव्हापासून ते आमच्या घरात ठरूनच गेलं. बेबीला एस.टी. लागते. बेबी म्हणजे मी. शाळेच्या दाखल्यावर हेमलता, पण शेंडेफळ पडले, त्यामुळे आता गुडघे दुखायला लागले तरी भावकीत मी बेबीच.

साल चौऱ्याहत्तर. चैत्रातली वाघेरीची नाथबाबाची जत्रा. आमच्या गावाहून दीड तासाचा रस्ता. सकाळी आठच्या जत्रा स्पेशलने जायचं, देवदर्शन करायचं, बाजार फिरायचा, आणि पाचच्या गाडीने परत. मी सतरा वर्षांची होते आणि आक्का, म्हणजे द्वारका, तेवीस. तेवीस म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने घोडनवरी.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, शिंपी होते. पेठेत ओट्यावर एक मशीन आणि मागच्या खोलीत आम्ही. आक्का बाराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली काजं करायची. संध्याकाळी कंदिलाजवळ मान घालून काजं करून करून तिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आला. रंगाने सावळी, उंचीने आण्णांच्या बरोबरीची, आणि त्यात चष्मा. सात ठिकाणची माणसं येऊन तिला बघून गेली. पोहे खाल्ले, नाव विचारलं, चालून दाखव म्हणाले, आणि नंतर कळवतो म्हणून गेले ते गेलेच. एका पाहुणीने तर तिला चष्मा काढायला लावून सुईत दोरा ओवायला सांगितला होता. आक्काने डोळे मिटून, नुसत्या बोटांच्या अंदाजाने तो ओवला. तरी नकारच आला. त्या रात्री आण्णा जेवले नाहीत. आईला म्हणाले, आता माझ्या पोरीला या घरात कुणापुढे उभी करायची नाही.

तेव्हा गणूमामाने ही युक्ती काढली. युक्ती कसली, आमच्याकडे ती रीतच होती. मुलगी लांबून दाखवायची. मुलीला काही सांगायचं नाही. देवळात, बाजारात, जत्रेत कुठंतरी ती सहज बसलेली असते, पाहुणे सहज समोरून जातात. पसंत पडली तर निरोप येतो. नाही पडली तर कुणाला काही कळत नाही आणि मुलीचं मन मोडत नाही. मामाच्या ओळखीचं एक स्थळ होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात कारकून, नाव श्रीरंग, आई-वडील नाहीत, चुलत्याने वाढवलेला, साधा, निर्व्यसनी. चुलते-पुतणे जत्रेला येणार होते.

आक्काला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला होतं. मलाच तर काम दिलं होतं. आदल्या दिवशी आईने मला देवापुढे बसवून सगळं घोकून घेतलं. बाराच्या ठोक्याला आक्काला हौसाबाई कासारणीच्या दुकानात बांगड्या भरायला बसवायचं. त्याआधी गुलालाने खराब होईल म्हणून तिचा चष्मा काढून आपल्याकडे ठेवायचा. मामा समोरच्या रसवंतीपाशी येईल. त्याने टोपी काढून डोकं पुसलं की समजायचं, पाहुणे आले. मग आक्काला काही केल्या उठू द्यायचं नाही.

"एवढं कर बेबी," आई म्हणाली. "तुझ्या बहिणीचं कल्याण होईल. तू पण सुटशील मग."

मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर मी धुसफुसत होते. आण्णांनी आक्कासाठी नवी जांभळी चोळी शिवली होती, रात्री जागून. आईने ट्रंकेतून आपलं जांभळं इरकल काढून दिलं होतं. माझ्या अंगावर आक्काची जुनी अबोली साडी. घरातली सगळी लगबग पहिल्यांदाच माझ्यासाठी नव्हती, आणि ते मला सोसत नव्हतं. इतकी मी लाडावलेली होते. आक्काला मात्र आईचं इरकल का मिळालं याचा संशयही आला नव्हता. जत्रा आहे म्हणून, एवढंच तिला वाटलं. गाडीत ती त्या म्हातारीशी लेकी-सुनांच्या गप्पा मारत होती आणि मधूनमधून मला विचारत होती, मळमळत नाही ना गं.

वाघेरीला उतरलो तेव्हा अंगात शिरेल असं ऊन होतं. हलग्या वाजत होत्या, सासनकाठ्या नाचत होत्या, आणि गुलाल-खोबऱ्याची अशी उधळण की समोरचं माणूस गुलाबी दिसायचं. उतरतानाच्या रेटारेटीत कुणाचा तरी पाय माझ्या चपलेवर पडला आणि चपलेचा अंगठा तुटला. मी तिथंच भोकाड पसरलं. सतरा वर्षांची घोडी, पण रडले. आक्काने सुतळीने अंगठा कसाबसा बांधून दिला. तशीच फरफटत मी देवळापर्यंत गेले, दर्शन घेतलं, नारळ फोडला. मग मी तिला म्हटलं, "आक्का, चष्म्यावर गुलाल बसतोय बघ. काच खराब होईल. दे माझ्याकडे."

तिने काढून दिला. तिच्याच रुमालात, त्या जागा धरलेल्या रुमालात, गुंडाळून मी तो पिशवीत ठेवला. चष्मा काढला की आक्काचा चेहरा वेगळाच दिसायचा, झोपेतून उठल्यासारखा, मऊ. तिने माझा दंड धरला. दहा पावलांपलीकडचं तिला धूसर दिसायचं.

हौसाबाईचं दुकान म्हणजे चार बांबूंवर ताणलेलं धोतर, खाली पेट्या, आणि समोर गिऱ्हाइकाला बसायला एकच पाट. पोहोचलो तेव्हा पावणेबारा झाले असतील. एक बाई भरून उठली आणि मी आक्काला पाटावर बसवलं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. हौसाबाई पेटीतून मोरपंखी बांगड्या काढत होती. मी एका पायावर उभी होते, कारण सुतळी बोटात रुतत होती. आक्काने खाली बघितलं.

"रक्त आलंय की गं," ती म्हणाली. "काढ ती. मी देवळापाशी चांभार बघितलाय, शिवून आणते."

मी नको म्हणायला हवं होतं. बस इथं, उठू नकोस, मग जाऊ, असं म्हणायला हवं होतं. त्यासाठीच तर मला धाडलं होतं. पण माझी तुटलेली वस्तू आक्काने दुरुस्त करून आणायची, ही आमच्या घरातली रोजची गोष्ट. त्यात काही अडेल असं माझ्या मनातच आलं नाही. आणि पाय खरंच दुखत होता.

"लवकर ये," मी म्हटलं. बाकी काही म्हटलं नाही.

तिने आपल्या वहाणा माझ्यापुढे काढून ठेवल्या, उन्हात उभी राहू नकोस म्हणाली, आणि माझी चप्पल हातात घेऊन अनवाणी गेली. चैत्रातली बाराची जमीन. गर्दीत ती माणसांच्या खांद्यांना हात लावत लावत वाट काढत गेली, चष्म्याशिवाय.

"पाट मोकळा ठेवू नगंस, दुसरं कुणीतरी बसंल," हौसाबाई म्हणाली. मी बसले.

पुढचं आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. आमचे हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ती गोष्ट सांगायचे. म्हणायचे, "आमचं लग्न भटजीने नाही, हौसाबाईने लावलं. हिचा एक हात भरून झाला होता, दुसरा रिकामा होता. मामा टोपी काढून डोकं पुसतायत, पुसतायत, टक्कल लाल झालं, पण ही उठते कशाला! एक हात भरून उठायचं नसतं, म्हणून बसून राहिली. आणि मी बघत बसलो." मग सगळे हसायचे. मीही हसायचे. एक हात भरलेला आणि एक हात रिकामा घेऊन बाईमाणसाने पाटावरून उठू नये, अशी आमच्याकडे समजूत. लहान पोरीलासुद्धा कासारीण उठू द्यायची नाही. त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना पटायची.

त्या दिवशी मामाला मी हेच सांगितलं होतं. पाहुण्यांना पान खायला पाठवून तो तरातरा माझ्याकडे आला.

"द्वारका कुठं आहे?"

"चांभाराकडे गेलीय."

"मग तू कशाला बसलीस तिच्या जागी? मी खुणा करत होतो, दिसलं नाही?"

"एक हात भरला होता मामा," मी म्हटलं. "मावशी उठू देईनात."

मामा हौसाबाईकडे बघतच राहिला. ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या मुठी दाबण्यात गुंतली होती. तेवढ्यात आक्का माझ्या मागून पुढे आली. चप्पल शिवून आणली होती. वाकून तिने ती माझ्या पायाशी ठेवली. मामाला बघून तिला नवल वाटलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. मामा तुम्ही कधी आलात, मामी बरी आहे का, असं विचारत राहिली. मामा पाहुण्यांच्या मागे धावत गेला, थोरलीला बघा म्हणून त्यांना परत आणायला. अर्ध्या तासाने एकटाच आला आणि बाजूला बिडी ओढत बसला.

पाचच्या गाडीत आक्काने रुमाल टाकून पुन्हा खिडकीची जागा धरली, आणि पुन्हा मला दिली. चष्मा मागून घेतला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझे हात आपल्या मांडीवर घेऊन बघितले.

"बांगड्या चांगल्या दिसतायत," ती म्हणाली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. वेळच झाला नव्हता म्हणे. घरी गेल्यावर कळलं, तिच्या तळपायांना फोड आले होते. आईने कोकमाचं तेल लावलं. लावताना आई रडत होती आणि आक्का तिला म्हणत होती, अगं एवढं काय, दोन दिवसांत जातील.

चौथ्या दिवशी कार्ड आलं. आण्णांना बारीक अक्षर दिसायचं नाही, आईला वाचता यायचं नाही, त्यामुळे घरात आलेलं कागदपत्र आक्काच वाचून दाखवायची. तेही तिनेच वाचलं. मशीनजवळ उभी राहून, एका आवाजात. नमस्कार विनंती विशेष. आपली मुलगी पाहिली. कासारणीच्या दुकानात बसलेली मुलगी आम्हांस पसंत आहे. ती धाकटी असल्याचे गणपतरावांनी सांगितले, तथापि चिरंजीवांचे मन तेथेच आहे. थोरलीसंबंधी काही म्हणणे नाही. कळावे.

वाचून झाल्यावर तिने कार्ड मशीनच्या खणात ठेवलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

आण्णा म्हणाले, थोरली घरात असताना धाकटीचं करायचं नाही. लोक थोरलीत खोट काढतात. आठ दिवस घरात कुणी नीट बोलत नव्हतं. मी एकदा म्हणाले, आधी आक्काचं होऊ दे. एकदाच म्हणाले, आणि हळू म्हणाले. आई चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. दुसऱ्यांदा म्हणाले नाही. शेवटी आक्काच आण्णांसमोर बसली.

"चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "सोडू नका. माझ्यापायी बेबीला कशाला अडकवता?"

ज्येष्ठात माझं लग्न झालं. माझ्या सगळ्या चोळ्या आक्काने शिवल्या. मापं घेताना मी तिच्याकडे बघत नव्हते आणि ती टेपकडे बघत होती.

आण्णा म्हणाले तसंच झालं. त्यानंतर आक्काला दोन स्थळं आली. दोघांनीही चौकशी केली ती एवढीच, धाकटीचं आधी का केलं? काहीतरी असल्याशिवाय करतील का? मग तेही थांबलं. आण्णांनंतर मशीन तिने चालवलं. पेठेत तिच्या हातची काजं अजून नावाजली जातात. शाळेचे गणवेश, बायकांच्या चोळ्या, म्हाताऱ्यांचे सदरे. बहात्तर वर्षांची झाली, अजून शिवते.

माझा संसार चांगला झाला. हे सज्जन होते, कधी आवाज चढवला नाही, दोन मुलं मार्गी लागली. नवरा दारुडा निघाला असता, सासुरवास झाला असता, तर मी म्हटलं असतं, फेडलं बाई एकदाचं. तेही नशिबात नव्हतं. सगळं सुख मिळालं, आणि त्यातलं प्रत्येक सुख दुसऱ्या कुणाच्या तरी पाटावर बसून मिळालेलं. हे जेव्हा जेव्हा ती गोष्ट सांगायचे तेव्हा आक्का असली तर तीही हसायची, तोंडावर हात धरून. मला तेवढा एकच आधार होता. वाटायचं, तिला काय माहीत? तिचा चष्मा तर माझ्या पिशवीत होता.

यांना जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या चैत्रात आक्काचा फोन आला. म्हणाली, बेबी, वाघेरीला जाऊन येऊ या का? त्या जत्रेनंतर मी गेलेच नाही, म्हणाली. मीही गेले नव्हते. सकाळच्या गाडीने गेलो. आता रुमाल टाकायला लागत नाही, म्हाताऱ्या बायकांना पोरं उठून जागा देतात. दोघींची जागा मिळाली, आणि खिडकीकडे हात करून आक्का म्हणाली, बस तू. मी बसले. सवयच ती.

दर्शन झालं. हौसाबाईच्या जागी आता प्लास्टिकच्या खेळण्यांचं दुकान आहे. आम्ही तिथं जरा रेंगाळलो. गोडीशेवेचा पुडा घेतला आणि स्टँडवर लिंबाखाली येऊन बसलो. गाडीला अजून वेळ होता. आक्का पुड्यातली शेव एकेक करून खात होती. वहाणा काढून तिने पाय पुढे सोडले होते. त्या तळव्यांकडे माझं लक्ष गेलं, आणि एकोणपन्नास वर्षं जे तोंडून निघालं नव्हतं ते निघालं.

"आक्का, त्या दिवशी मामाने टोपी काढली ना, तेव्हा माझे दोन्ही हात रिकामे होते."

मग मी सगळं सांगितलं. तिला लांबून दाखवायचं होतं, आईने मला देवापुढे बसवून काम दिलं होतं, चष्मा गुलालासाठी काढलाच नव्हता. मी पाटावर बसले तेव्हा हौसाबाई अजून पेटीतच हात घालून होती. समोर मामा दिसला. त्याच्या शेजारी फेटेवाले चुलते, आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण. मामाने टोपी काढली आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने मान हलवली, ऊठ म्हणून. मला स्वच्छ दिसलं. उठून बाजूला उभं राहायचं, एवढंच करायचं होतं. मामाने पाहुण्यांना रस पाजत बसवलं असतं आणि तेवढ्यात आक्का आली असती. पण तो मुलगा माझ्याकडे बघून हसला. अबोली साडीतल्या माझ्याकडे. आणि मला वाटलं, जांभळं इरकल नसलं म्हणून काय झालं. मी पदर सारखा केला आणि हात पुढे केला. भरा मावशी, म्हटलं. पहिली बांगडी त्यानंतर चढली.

"मामाला मी खोटं सांगितलं," मी म्हणाले. "तुम्हाला सगळ्यांना. यांनासुद्धा. हे गेले तरी त्यांना ठाऊक नव्हतं."

आक्काने पुडा बांधला. बोटं पदराला पुसली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"चांभाराकडे गर्दी नव्हती. दोन टाके घातले त्याने, झालं. मी परत आले तेव्हा हौसाबाई अजून बांगड्या जुळवत होती. मी तुझ्या मागंच, बायकांच्या घोळक्यात उभी होते, चप्पल घेऊन."

मी म्हटलं, "पण तुझा चष्मा माझ्याकडे होता."

"सात वेळा दाखवलेली मुलगी होते मी, बेबी. बघायला आलेली माणसं ओळखायला मला चष्मा लागत नव्हता. नुसती उभं राहण्याची ढब कळायची. आईचं इरकल का नेसवलं, चष्मा का काढून घेतला, सगळं तिथंच कळलं मला." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तू हात पुढे केलास तो तर हातभरावरून बघितला."

"मग बोलली का नाहीस? मला उठवायचं होतंस. हाताला धरून ओढायचं होतंस."

"ऊठ, मला बसू दे, असं म्हणायचं? त्या माणसांदेखत?" तिने मान हलवली. तिचा आवाज चढला नव्हता, रागही नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. "मी उभी राहिले. मला वाटलं, तू वळून बघशील. आक्का आली का, म्हणून एकदा तरी मागं बघशील. दोन्ही हात भरून होईपर्यंत उभी होते मी."

मी रडायला लागले. सदुसष्टाव्या वर्षी, भर स्टँडवर, चपलेचा अंगठा तुटल्यासारखी. तिने मला गप्प केलं नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही, जो तिने आयुष्यभर फिरवला होता. ती नुसती शेजारी बसून राहिली आणि समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिली. चुकले आक्का, असं मी म्हटलं. तिने ऐकलं. त्यात काय एवढं, असं म्हणाली नाही, आणि जाऊ दे असंही म्हणाली नाही.

मग आमची गाडी लागली. आक्का उठली, वहाणा घातल्या, पिशवी खांद्याला लावली. गाडी निम्मी रिकामी होती. ती पुढे चढली, मी दांडीला धरत मागून गेले. दुसऱ्या बाकापाशी ती थांबली. मी नेहमीसारखी आत शिरायला वाट बघत उभी राहिले. ती सरकत सरकत आत गेली आणि खिडकीशी बसली. काच वर केली, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

मी उभीच होते. तिने शेजारच्या जागेवर हात ठेवला.

"बस," ती म्हणाली. "तुला काही एस.टी. लागत नाही."